रफू फेरी

९ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र लिहायचं मी किती दिवस टाळतोय ते सांगायची लाज वाटते, म्हणून सांगूनच टाकतो. कागद आणले नोव्हेंबरात. पहिल्या कागदावर चहाचा पेला ठेवला, त्याचं गोल उमटलं. त्या गोलाला मधोमध रेघ मारली, कडेने चौकट काढली, झालं हॉकीचं मैदान. दुसऱ्या कागदावर 'ताई' लिहिलं आणि पुढचं सुचेना म्हणून पेन्सिलीला टोक करत बसलो. पेन्सिल संपली. असं करता करता फेब्रुवारी उजाडला. तू म्हणशील, चार वर्षं तोंड न दाखवणाऱ्याने तीन महिन्यांचं काय कौतुक सांगावं. बरोबर आहे.

पत्र बाबांच्या शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतोय. तुझा फोन लागत नाही. नंबर बदललास की फक्त माझ्यापुरता बंद केलास, ते विचारत नाही. बाबा पत्र तुझ्या हातात देतील ना? माझं अक्षर ओळखलं तर आधी दोन दिवस कात्रीखाली दाबून ठेवतील, पण देतील.

मी ठीक आहे. हे खरं तर पहिल्या ओळीत यायला हवं होतं. मधल्या काळात मालाच्या होडीवर होतो, मग एका रंगाऱ्याच्या हाताखाली, मग फळांच्या पेट्या ठोकत होतो. रंगाऱ्याकडे टिकलोही असतो, पण तो दिवसभर एकच गाणं म्हणायचा आणि दर वेळी त्याच जागी चुकायचा. असो. आता हसू नकोस. मी इथल्या आइस हॉकीच्या रिंकवर कामाला आहे. बर्फ करायला.

बर्फ 'करतात', ताई. मला वाटायचं पाणी ओतलं की झालं. खाली सिमेंटची फरशी असते, तिच्या पोटात गार नळ्या. वरून पाण्याचा एक हात मारायचा, कागदाइतका पातळ. तो गोठला की दुसरा. असे वीस-पंचवीस हात. मधे पांढरा रंग, त्यावर लाल-निळ्या रेघा, त्यावर पुन्हा पाणी. म्हणजे रेघा बर्फावर नसतात, बर्फाच्या आत असतात. चुकीची रेघ एकदा का आत गोठली की पुसता येत नाही, वरचं सगळं खरवडून काढावं लागतं.

हे मला शिकवतात ते बर्फकाका. पस्तीस वर्षं हेच करताहेत. तळहात टेकवून बर्फ किती गार आहे ते सांगतात, आणि मागून काट्यावर बघावं तर तेवढंच. बर्फ घासून त्यावर कढत पाणी फिरवणारी एक गाडी आहे, तिला आम्ही हत्ती म्हणतो. हत्ती काका सोडून कुणी चालवायचा नाही. काकांचा राग एकाच जमातीवर, गोलरक्षकांवर. खेळ सुरू व्हायच्या आधी ते गोलापुढचा बर्फ स्केटच्या धारेने डावी-उजवीकडे खरवडतात ना, पाय सरकू नये म्हणून. काका म्हणतात, "मी चादर अंथरायची आणि यांनी येऊन नखं घासायची!" माझ्या घरात अशी एक नखं घासणारी होती, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

आता पत्राचं खरं कारण. बायकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा यंदा इथे आहे, एप्रिलात. आजवर दहा संघ असायचे, यंदा बारा. महासंघाने एवढंच सांगून तोंडाला कुलूप लावलंय. गट किती, पुढे कोण जाणार, सामने कुठे, काही पत्ता नाही. अख्खं गाव फॉर्मॅट काय असेल याच्या पैजा लावतंय. आणि मला राहून राहून दुकानातलं कापड कापायचं टेबल आठवतंय.

बारा कोटांची बारा बटणं, आठवतं? बाबांच्या खडूने आखलेलं मैदान, आणि तू ओव्हरकोटाचं ते मोठं काळं बटण गोलात उभं करायचीस. चार-चारचे तीन गट. प्रत्येक गटातली पहिली दोन पास. म्हणजे झाली सहा. पुढच्या फेरीला लागायची आठ. मी म्हणायचो, चिठ्ठ्या टाकू. तू म्हणायचीस, "उरलेली सहा बटणं काय फेकून देणार आहोस? एकदा टाका उसवला म्हणून कापड फेकतात का? रफू करू." मग ती हरलेली सहा आपापसात खेळायची, आणि त्यातली दोन परत यायची. रफू फेरी. बाबा इस्त्री फिरवता फिरवता म्हणायचे, रफू दिसता कामा नये. तू म्हणायचीस, आमचं दिसणार.

म्हणून विचारतो. बारा संघ आहेत. तुला काय वाटतं, कशी आखतील?

तुझा धाकटा

२० फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही, येईल असं धरलंही नव्हतं. पण इथे एक गंमत झालीय, ती सांगायला दुसरं माणूस नाही.

आमच्या तिकीटखिडकीत एक मावशी बसते. तिकिटं, भाड्याचे स्केट्स, हरवलेले हातमोजे, सगळं तिच्याकडे. तिला तोंडं लक्षात राहत नाहीत, पाय राहतात. मी तिच्यासाठी 'आठ नंबर'. काका 'दहा नंबर, डावा जरा मोठा'. परवा चहाच्या वेळी हाच विषय निघाला.

"शहरात दोन मोठ्या रिंक आहेत," काका म्हणाले. "सहा-सहाचे दोन गट करतील, एकेका रिंकमध्ये एकेक कोंबतील, आणि आपण इथे माश्या मारू. बर्फावर माश्यासुद्धा नसतात."

"त्या आठ नंबराला विचारा की," मावशी म्हणाली. "जेवताना वाटाणेसुद्धा गटागटाने मांडतो."

मग मला चेव आला. मी म्हटलं, सहा-सहाचे दोन गट म्हणजे गटाला पंधरा सामने, दोन्हींचे तीस. पोरी काय लोखंडाच्या आहेत? तीन-तीनचे चार गट केले तर दोनच सामने खेळून घरी. दोन सामन्यांसाठी समुद्र ओलांडून कोण येईल? म्हणजे उरले चार-चारचे तीन गट. तीन गटांना तीन रिंक लागणार. तिसरी आपली!

"आणि सहा जातात पुढे, आठ लागतात, मग वरचे दोन?" काकांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं. तुझी आठवण झाली.

मी म्हटलं, तिसऱ्या नंबरांतले सगळ्यात बरे दोन घेतील. रफू फेरी म्हणायची हिंमत झाली नाही. मोठ्या लोकांच्या स्पर्धेत बटणांचे नियम कोण चालवून घेणार?

त्या दुपारी बाहेर वारा होता, गिऱ्हाईक नव्हतं. मी मोठा कागद घेऊन सगळी आखणी काढली. तीन गट, तारखा, वेळा, 'क' गट आपल्या रिंकवर, ८ ते १३ एप्रिल. अक्षर जपून काढलं. खिडकीत एक गोल शिक्का असतो, स्केट्सना धार लावून झाली की पट्टीवर मारायचा, 'तपासले' असा. तो समोरच होता. मारला. छान दिसला. मग कागद फळ्यावर लावला, गंमत म्हणून, आणि मी नळाचं पाणी बघायला गेलो.

आलो तर फळ्यापुढे ही गर्दी. शिक्का बघून लोकांनी तो वरून आलेला कागद समजला. संध्याकाळपर्यंत समोरच्या पाववाल्याने भट्टी दोनदा पेटवायची ठरवलं, आणि शाळेच्या बाई मुलींना घेऊन कुठे बसायचं ते मोजून गेल्या. आमच्या व्यवस्थापकाने तर माझा हात हातात घेतला. सामने मिळाले नाहीत तर उन्हाळ्यात रिंक बंद व्हायची होती, ती आता वाचली म्हणून.

काका सगळे गेल्यावर आले. चष्मा कपाळावर. कागद खालपासून वर वाचला, त्यांची तशी सवय आहे.

"हे वरून आलं?"

मी मान हलवली.

एवढंच. तोंड उघडायचीसुद्धा गरज पडली नाही. मला हे चांगलं जमतं, ताई. किती चांगलं जमतं ते तुला माहीत नाही.

पण गंमत म्हणजे माझी आखणी बरोबरच निघणार आहे. बघशील तू.

२७ फेब्रुवारी

ताई,

गंमत नाही राहिली.

काकांची एकुलती एक मुलगी दूर सासरी आहे. आई नाही तिला. पहिलं बाळंतपण, तारीख मार्चच्या सुरुवातीची. काका तिच्याकडे महिनाभर जाणार होते, रजा मंजूर होती, पेटी बांधलेली होती. बारक्या लोकरीची दोन टोपडी त्यांनी मला दहादा दाखवलीत. परवा बघतो तर पेटी सोडलेली.

"सामने आठ तारखेला," काका म्हणाले. "म्हणजे जुना बर्फ आत्ताच उतरवायला हवा. नळ्या तपासायच्या, फरशी धुवायची, मग नव्याने हात मारायचे. बाहेरच्या पोरी येणार, बर्फाला नावं ठेवलेली मला चालायची नाहीत. मुलीला कळवलं, बापाला नाही जमत."

"मग ती काय म्हणाली?"

"काय म्हणणार. म्हणाली, बरं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी काय केलं? पाणी आणायला गेलो. पाणी आणता आणता वाटेत नवीन मोटारपंप दिसला, तो कसा चालतो ते बघत उभा राहिलो. अर्धा तास. तू ओळखतेस मला.

मावशीने मात्र पकडलं. शिक्क्याची शाई तिची.

"आठ नंबर, इकडे ये. वरून आलेल्या कागदाला माझा शिक्का कसा रे?"

मी शिक्का उचलून जागेवर ठेवला.

"स्केटला धार लावली की मारतात तो. तू कशाला धार लावलीस?"

"मावशी, आखणी बरोबरच असणार आहे."

"असेल. त्या पोरीला कळा येतील तेव्हा तिला सांगू, की बाई, आखणी बरोबर होती."

सांगितलं मग. काका फरशीवर गुडघे टेकून नळीचा जोड बघत होते. मी वर उभा राहून सांगितलं. ते आधी उठलेच नाहीत. जोड पूर्ण आवळला, पाना फडक्यात गुंडाळला, मग उठले. मला वाटलं एक ठेवून देतील. द्यायला हवी होती.

"म्हणजे हे तुझ्या डोक्यातलं."

"हो."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

"मान हलवली."

"का?"

काय सांगू, ताई? की मान हलवली की समोरचं माणूस खूश होतं, आणि तेवढ्यापुरतं सगळं मिटतं? मी म्हटलं, "तुम्हाला आनंद झाला होता."

काकांनी हात पुसले. "आठवडा गेला," ते म्हणाले. "गेला तो गेला. चुकीची रेघ पातळ बर्फाखाली असते तोवर बोटाच्या उबेने निघते. वर पंचवीस हात चढल्यावर कुदळ लागते. तू वेळेत बोललास असं म्हणत नाही मी. कुदळीच्या आधी बोललास, एवढंच." मग ते फळ्यापाशी गेले, कागद काढला, घडी घालून माझ्या खिशात कोंबला, आणि पेटी भरायला लागले.

संध्याकाळच्या गाडीने गेले. जाताना हत्तीची किल्ली मला दिली. शिवी देऊन दिली, पण दिली.

पाववाल्याकडे, शाळेत आणि व्यवस्थापकाकडे मीच जाऊन सांगितलं. व्यवस्थापक म्हणाला, महासंघाचं पत्र येईपर्यंत कामावर राहा, पुढचं पुढे. पाववाल्याने मला कालचा पाव दिला.

२८ फेब्रुवारी

ताई,

कालचं पत्र पेटीत टाकून आलो आणि पायच निघेना. मला कळलं की अर्धंच टाकलंय.

तू माझ्याशी का बोलत नाहीस हे मला ठाऊक आहे. एका सकाळी मी न सांगता निघून गेलो, दुकान आणि बाबा तुझ्या गळ्यात टाकून. ते खरं आहे. पण मी का गेलो ते तुला माहीत नाही.

हॉकीच्या निवड शिबिराचा तुझा अर्ज. करड्या रंगाचा लिफाफा, तिकीट लावलेलं, प्रशिक्षकांची सही घ्यायला तू तीन चकरा मारल्या होत्यास. तुला लग्नाच्या कोटांची घाई होती, म्हणून माझ्याकडे दिलास. म्हणालीस, चारच्या टपालात पडलाच पाहिजे. मी निघालो. पेठेच्या कोपऱ्यावर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून लोक पियानो उतरवत होते. दोरांनी. ताई, अख्खा पियानो हवेत, आणि वाऱ्याने त्याची एक पट्टी आपोआप वाजत होती. मी थांबलो. मग दोर धरायला मदत केली. पियानो खाली टेकला तेव्हा साडेपाच झाले होते.

परत आलो तर तू कोटाच्या खालच्या दुमडीवर वाकली होतीस, तोंडात टाचण्या. बोलता येत नव्हतं म्हणून भुवया उंचावून विचारलंस.

मी मान हलवली.

मनात होतं, उद्या टाकू, एका दिवसाने काय बिघडतं. दुसरा दिवस कुठे गेला आठवत नाही. तिसऱ्या दिवशी जाकिटाच्या खिशात हात घातला तर लिफाफाच नाही. खिसा फाटका होता, पडला असेल कुठेतरी, असं धरून चाललो. शोधला. नाल्यातसुद्धा पाहिलं. तुला सांगायला तीनदा दुकानाच्या दारापर्यंत आलो.

मग तू वाट बघायला लागलीस. टपालवाला आला की मशीन थांबायचं. सहा आठवडे. शिबिराची यादी पेपरात आली, तुझं नाव नव्हतं. बाबांनी कॅनव्हास आणि लोकरीचा जाड नमदा घालून शिवलेले ते गोलरक्षकाचे पायाचे पॅड तू माळ्यावर टाकलेस, शिडीवरून उतरलीस आणि म्हणालीस, "माझ्यात काही नव्हतंच बहुतेक." रडलीसुद्धा नाहीस. पुन्हा काजं करायला बसलीस.

ते वाक्य घेऊन मी चार वर्षं हिंडतोय. तुझ्यात काही नव्हतं असं कुणीच म्हटलेलं नाही, ताई. तुला कुणी पाहिलंच नाही. तुझा अर्ज पोचलाच नव्हता. तू हरली नव्हतीस, तुला खेळायलाच मिळालं नाही, आणि ते माझ्यामुळे. आणि हे कळू नये म्हणून मी पळालो.

माफी मागत नाही. मागायची लायकी आली की मागेन. फक्त ते वाक्य परत घे.

हे पत्र मी आत्ता जाऊन टाकतोय. वाटेत पियानो काय, हत्ती जरी उडाला तरी थांबणार नाही.

१७ मार्च

ताई,

टाकलं होतं. खरंच टाकलं होतं, पावती ठेवलीय. तुझं उत्तर नाही, यावं असा हट्ट नाही. पण आज न लिहून चालणारच नाही.

आज महासंघाचं पत्र आलं. व्यवस्थापकाने खिडकीपाशी उभं राहून मोठ्याने वाचलं. आता नीट वाच.

बारा संघ. चार-चारचे तीन गट. गटातले सामने सगळे शहरात. प्रत्येक गटातले पहिले दोन सरळ पुढे, म्हणजे सहा. उरलेले सहा संघ घरी जाणार नाहीत! ते येणार आमच्या रिंकवर, तीन-तीनचे दोन गट करून आपापसात खेळणार, आणि दोन्ही गटांतला पहिला संघ शहरात परत जाऊन आठांत बसणार.

मी मधेच ओरडलो, "रफू फेरी!" सगळे वळून बघायला लागले. मावशी म्हणाली, "आता काय फाटलं?"

तू कापायच्या टेबलावर, बारा बटणांसमोर, इयत्ता सातवीत हेच आखलं होतंस. हेच. एक रेघ इकडची तिकडे नाही. जगातली मोठमोठी माणसं टाय लावून बसली आणि अखेर तुझ्याच टेबलाशी आली. तारखा १५ ते १८ एप्रिल. माझी आखणी चुकली होती बरं का. 'क' गट आपल्याकडे येणार हे चूक, तारखा चूक. सामने सहा, तेवढं जुळलं.

व्यवस्थापकाचं तोंड मात्र उतरलेलं. "म्हणजे हरलेले आपल्या माथी," तो म्हणाला. "चांगले संघ शहरात, उरलंसुरलं इथे. फार खपायला नको, एक थर कमी चालेल."

मी काकांना फोन लावला. मुलगी झालीय! ४ तारखेला पहाटे. काका बाहेरच्या बाकावर बसलेले होते, आतून आवाज आला तेव्हा. त्या फोनवर ते आधी पाच मिनिटं बाळाच्या नखांबद्दल बोलले. नखांबद्दल, काका! मग मी फॉर्मॅट सांगितला, आणि थर कमी करायचं व्यवस्थापकाचं बोलणंही.

"त्याला फोन दे," काका म्हणाले. मग कानाजवळ फोन धरलेल्या व्यवस्थापकाच्या चेहऱ्यावरून मला अर्धं कळलं, आणि उरलेलं अर्धं फोनमधून रिंकभर ऐकू येत होतं. "जिंकणाऱ्याला बर्फ कसा का असेना, तो जिंकतो. शेवटच्या संधीला आलेल्या पोरींना खाली खड्डा दिलात तर हरण्याचं पाप तुमचं. थर पूर्ण मारायचे. पोराला शिकवलंय मी."

पोराला शिकवलंय म्हणाले. मी नळी धरून उगाच तिकडे तोंड केलं.

रेघा उद्यापासून मारणार. आधी गोलापुढची निळी. तिथे दोन हात जास्त देणार आहे, गोलरक्षकांना हवं तेवढं खरवडू दे. काकांना सांगू नकोस.

५ एप्रिल, सकाळी

ताई,

तुझं कार्ड काल आलं. कार्ड उलटसुलट करून बघितलं, वास घेतला, दुकानातल्या वाफेचा येतो का ते. एकच ओळ. 'जाकिटाचं अस्तर बाबांनी कधी बदललं?'

पहिल्यांदा वाटलं, एवढं सगळं लिहिलं आणि ही अस्तर विचारते. रात्रभर तेच. सकाळी उठून जाकीट खुंटीवरून काढलं. तेच बाटलीहिरवं आहे, अजून तेच घालतो, म्हणून खात्रीने सांगू शकतो. आता आठवून आठवून लिहितो, मधे कुठे भरकटलो तर रागावू नकोस.

मंगळवारी पियानो. त्या रात्री जाकीट मी दुकानातल्या खुर्चीवर टाकलं, नेहमीसारखं. बुधवारी ऊन होतं, जाकीट घातलंच नाही, म्हणून तर लिफाफ्याची आठवण झाली नाही. गुरुवारी सकाळी बाबांनी ते माझ्या अंगावर फेकलं आणि म्हणाले, "घे, माणसासारखा दिस." नवं अस्तर. राखाडी, बारीक पट्ट्यांचं. मी घातलं, आणि दुपारी खिशात हात

थांब.

खिसा फाटका होता असं मी तुला लिहिलं. चार वर्षं स्वतःला तेच सांगत आलो. पण गुरुवारी तो फाटका नव्हता. खिसासुद्धा नवा शिवलेला होता. आत्ता बोट घालून बघतोय, आजही धड आहे. बाबांचा टाका, इतका बारीक की दिसत नाही. नव्या खिशातून लिफाफा पडेल कसा? आणि खिसा उसवल्याशिवाय नवा शिवतील कसा? आणि उसवताना आतलं हाताला लागल्याशिवाय राहील कसं?

हे तुला माझं खिशाबद्दलचं पत्र वाचूनच लक्षात आलं असणार. तू अस्तर बघितलं असशील त्या दिवशी, तुझी नजर तिथेच जाते.

त्या महिन्यात बाबा एकदा हसत म्हणाले होते, "ही शिबिराला गेली तर काजं कोण करणार, मी?" आपण दोघंही हसलो होतो. आई गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. संध्याकाळी मशीनचे दोन आवाज यायचे दुकानातून, त्यांचा आणि तुझा. एकच उरला असता.

मी माझा गुन्हा त्यांच्या माथी मारत नाहीये. टपालात टाकायचा होता तो मी. मान हलवली ती मी. पण ते सहा आठवडे तू टपालवाल्याची वाट बघायचीस तेव्हा बाबांचं मशीनही थांबायचं. मला वाटायचं, ते तुझ्याबरोबर वाट बघताहेत.

मला त्यांच्यावर रागवायला हवं, आणि जमत नाहीये. मला ती मान दिसतेय. कुणी काही विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. आणि मग वर पंचवीस हात चढले.

ताई, स्पर्धेला ये असं लिहिणार होतो. १५ तारखेची दोन तिकिटं मावशीने बाजूला ठेवलीत, गोलाच्या मागची. पण मी आधी बाबांना

५ एप्रिल, जरा वेळाने

मधेच उठावं लागलं. मी रिंकच्या वरच्याच खोलीत राहतो, मावशीने खालून हाक मारली.

"आठ नंबर! खाली ये. एक म्हातारे आलेत, स्केट्स घ्यायचे नाहीत म्हणतात. चेहरा नाही बघितला मी, पाय बघितले. तुझेच पाय. फक्त बूट चांगले शिवलेले."

मी जिन्याच्या कठड्यावरून वाकून बघितलं. बाबा आलेत, ताई. एकटे. आयुष्यात कधी एका सामन्याला आले नाहीत ते. रिंकच्या कठड्याशी उभे आहेत, आणि गोलापुढे मी मारलेल्या निळ्या रेघेकडे टक लावून बघताहेत. कोट इस्त्रीचा, पण वरचं बटण तुटलेलं. त्यांच्या कोटाचं, बटण तुटलेलं!

काखेत तुझे पायाचे पॅड आहेत, दोरीने बांधलेले. आणि हातात एक करडा लिफाफा. इथून दिसतोय. कोपऱ्यावर तिकीट आहे, त्यावर शिक्का पडलेला नाही.

वर बघितलं त्यांनी. लिफाफा जरासा उचलून दाखवला, आणि मान हलवली.

मी खाली चाललोय.